न पुसलेला कोपरा

“आता थोडा वेळ कुणी हात लावू नका हं,” हेमंतमामा म्हणाला, आणि लाइट गेली.

पंखा कुरकुरत थांबला. मामाचा हात अजून हवेतच होता. समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू भरत चालली होती, निम्म्याच्या जरा पुढे गेली होती. आता तिथे नुसती काळी काच, काचेत मामाचं तोंड आणि त्याच्या मागे माझं.

“याला यूपीएस आहे ना?” मामाने विचारलं.

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. यूपीएसच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

“आत आहे. पाहुण्यांच्या पंख्याला.”

“पंख्याला?”

“काकूआजींना उकडत होतं.”

तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं. मधल्या खोलीत सगळ्या म्हाताऱ्या. दुपारी लाइट गेली की त्यांचा जीव जायचा, म्हणून कुणीतरी दुकानातला यूपीएस उचलून आत टेबलफॅनला लावला. पाहुणे गेले, यूपीएस तिथेच राहिला.

“आणि आज मंगळवार आहे,” मी म्हणाले.

“मग?”

“मंगळवारी मेंटेनन्स असतं. लाइट जाते ती दुपारीच येते.”

“मेंटेनन्स गुरुवारी असतं गं.”

“पुण्यात.”

मामाने हात खाली घेतला.

मी आता दहावीत आहे. वर्गात सगळ्यात जास्त बडबड माझी, आणि मला गप्प बसवायला बाईंनी मलाच मॉनिटर केलं, असं आमच्या वर्गात म्हणतात. बायॉस म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी मधल्या सुट्टीचा डबा बाजूला ठेवून सांगते: बटण दाबल्यावर मशीनला सगळ्यात आधी जी जाग येते ना, तो बायॉस. मी कोण, माझा कीबोर्ड कुठे, माझी डिस्क कुठे, हे तो आधी बघतो आणि मगच बाकीच्यांना उठवतो. तो बदलताना आधी जुना पुसतात आणि मग नवा लिहितात. पुसून झालं आणि लिहून व्हायचं असताना लाइट गेली, की मशीनला आपण मशीन आहोत हेच आठवत नाही.

हे सगळं मी आता ऐटीत सांगते. पण तेव्हा मी सातवीत होते आणि मला बोलायलाच येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण शब्द कुठल्या तरी लांबच्या खोलीतून आल्यासारखे यायचे.

बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. एवढंच झालं होतं. दवाखाना नाही, धावपळ नाही, काही नाही. मी शाळेतून आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. मी माझ्या चपला त्यात काढल्या आणि मला वाटलं, आता या परत सापडायच्या नाहीत.

मी रडले नाही. बायका म्हणायच्या, “पोरगी घट्ट आहे हो.” घट्ट वगैरे काही नव्हते मी. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही ना, हात लावला तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं, तशी मी सगळीच झाले होते. आई रडली ती फक्त पहिल्या दिवशी. नंतर तिने चहा सोडला. ती सकाळपासून चार-पाच कप पिणारी बाई. कुणी कप पुढे केला तर “नको” म्हणायची. कुणी फार आग्रह केला तर कप हातात घेऊन बसायची आणि गार झाला की मोरीत ओतायची.

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. बार्शीत, टिळक चौकाच्या मागच्या बोळात, ‘जुई डीटीपी’. जुई म्हणजे मी. माझ्या नावाची पाटी आहे हे मला वर्गात सांगायला आवडायचं. बाबा लग्नाच्या पत्रिका, वास्तुशांतीच्या, बारशाच्या, पावतीपुस्तकं, सगळं करायचे. सकाळी पूजा झाली की ते खुर्चीत बसायचे आणि पायाच्या अंगठ्याने मशीनचं बटण दाबायचे. मशीन खाली फरशीवर असायचं, कोण वाकणार? मग ते एकदाच वाजायचं, ‘टुं’. आई आतून ओरडायची, “पाय लावलात ना पुन्हा? सरस्वती आहे ती!” आणि बाबा वाकून मशीनला हात लावून तो कपाळाला लावायचे. वाकायचंच होतं तर आधीच का नाही, असं आई विचारायची.

दुपारी लाइट आली. मामाने बटण दाबलं. मशीनचे पंखे घोंघावले. पडदा काळाच राहिला, आणि ‘टुं’ काही झालं नाही.

मामाने पुन्हा दाबलं. पुन्हा. पॉवरची वायर काढून घातली. पडद्याची काढून घातली. मग तो फरशीवर बसला आणि नख कुरतडायला लागला. हेमंतमामा पुण्यात कंपनीत होता, आईहून बराच लहान. त्याचं म्हणणं होतं, आम्ही दोघींनी पुण्याला त्याच्याकडे यायचं, दुकानाची जागा मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायची, आणि मशीन नवी डिस्क घालून नीटनेटकं करून एखाद्या क्लासला देऊन टाकायचं. जुन्या बायॉसला ती नवी डिस्क ओळखू येईना, म्हणून त्याने बायॉस बदलायचा हा उद्योग काढला. त्याने सगळं चांगल्याच मनाने केलं. मशीनसाठी नवा कीबोर्डसुद्धा आणला होता, बटणांखाली निळे दिवे लागणारा.

“अक्का,” तो आईला म्हणाला, “मी नवा कॉम्प्युटर घेऊन देतो. याच्या दसपट चांगला.”

आई उंबऱ्यात उभी होती. “नव्यावर ते चालत नाही,” ती म्हणाली.

ते म्हणजे बाबांचं मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर. त्याला एक कुलूप होतं, काडेपेटीएवढं, मशीनच्या पाठीमागे रुंद खाचेत बसवलेलं. ते नसलं तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही, आणि हल्लीच्या मशीनला ती रुंद खाचच नसते. ते विकणारी कंपनीही कधीच बंद पडली होती. बाबा म्हणायचे, “हे म्हातारं आहे तोवर मी आहे.”

“मग राहू दे,” मामा म्हणाला. “तसंही आता कोण चालवणार होतं?”

आई उंबऱ्यातून आत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडगे मास्तर आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि पत्रिका बाबांकडे टाकलेली. टोपी काढून ते बाबांच्या फोटोपुढे उभे राहिले, मग बाकड्यावर टेकले.

मामाने त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, “मास्तर, तुम्ही दुसरीकडे टाका. इथे आता काही खरं नाही.”

“निम्मी झालीय ना पण?”

“झाली असेल. मशीनच्या पोटात आहे.”

“अरविंदनं केलेली निम्मी आहे, तर उरलेली दुसऱ्याकडनं कशी करू?” मास्तर म्हणाले. “पोरीच्या बारशाची पत्रिका त्यानंच केली होती. तेव्हा हे दुकान नव्हतं, टाइपरायटर होता.”

मामाने आवाज खाली आणला. “शिवाय मास्तर, लग्नाचं काम. आत्ताच या घरातनं... लोक काहीबाही बोलतात.”

“मला चालतंय,” मास्तर आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, मुळीच खाली न आणता. “तुम्हाला चालत नसलं तर तसं सांगा.”

“शुक्रवारी न्या,” आतून आई म्हणाली.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. ती तोवर स्वयंपाकघरात गेलीही होती आणि दार लोटल्याचा आवाज आला.

मास्तर गेल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. “अक्का, मशीन बंद आहे. आणि चालू झालं तरी टाइप कोण करणार? दाजी करायचे. तू फक्त वाचून दाखवायचीस.”

आत भांडी वाजत राहिली.

“हे बघ, शुक्रवारपर्यंत चालू झालं तर तू म्हणशील तसं. नाही झालं तर मी मोबाईलवाल्याला किल्ली देतो आणि रविवारी आपण तिघं निघू. बरं?”

“बरं,” आई दारामागून म्हणाली.

मामा माझ्याकडे वळला. “तुला यायचंय ना गं पुण्याला? तिथली शाळा बघ, ग्राउंड केवढं आहे.”

मी म्हणाले, “चालेल.” मी नको म्हणाले असते तरी माझा आवाज तसाच आला असता. पाटीवर माझं नाव होतं आणि ती पाटी निघणार होती, हे मला नीट कळत होतं. कळत होतं, पण मला कुठे लागत नव्हतं.

मशीन स्कूटरच्या पुढे पायाशी ठेवून आम्ही नदाफकाकांकडे गेलो. बार्शीतले सगळे बंद पडलेले कॉम्प्युटर शेवटी नदाफकाकांच्या टेबलावर येतात. त्यांनी झाकण उघडलं, फुंकर मारली, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. पंखे घोंघावले. पडदा काळा.

“बोर्ड गेला,” ते मामाला म्हणाले. “लाइट जाणार म्हाइत असून हे कुणी केलं?”

“मी,” मामा म्हणाला.

“बरं,” नदाफकाका म्हणाले आणि पुढचं बोलणं त्यांनी गिळलं. मग माझ्याकडे पाहिलं. “अरविंदभाऊंची ना तू? भाऊंनी माझ्या दुकानाचं कार्ड केलं होतं. नावात चूक होती, पण अक्षर असं झकास की मी तशीच वाटून टाकली.”

मी मान हलवली.

“एक सांगतो, पण आशा लावून घेऊ नका,” ते मामाला म्हणाले. “जुन्या बोर्डात एक कोपरा असतो. सगळं पुसलं तरी तेवढा पुसत नाही. त्याला दुसरं काही येत नाही, फक्त एवढंच येतं की कुठनं तरी आपली फाइल मिळाली तर ती घ्यायची आणि स्वतःला परत लिहायचं. पेनड्राइव्ह लावायचा, कंट्रोल आणि होम ही दोन बटणं दाबून धरायची, आणि धरूनच मशीन चालू करायचं.”

“मग करा ना तुम्ही,” मामा म्हणाला.

“मी लई वेळा केलंय. एकदाच झालं. ते का झालं आणि बाकीचे का नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. तुम्हीच घरी बसून करा निवांत. पेनड्राइव्ह आहे का? मोठा नको, मोठा या म्हाताऱ्याला पचत नाही.”

बाबांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे होता. त्याला एक अगदी जुना पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्याने बांधलेला होता. तो दोरा कसला, हे मी नदाफकाकांना सांगितलं नाही. माझ्या लहानपणीच्या दृष्टीच्या काळ्या दोऱ्यातला उरलेला होता तो. काकांनी बोर्डावरचं नाव चष्मा लावून वाचलं, त्यांच्या कॉम्प्युटरवरून जुनी फाइल शोधली, तिला बोर्डाला कळेल ते नाव दिलं आणि पेनड्राइव्हमध्ये भरली.

“कोपऱ्याला हाक नीट ऐकू गेली पाहिजे,” ते म्हणाले. “एवढंच.”

यूपीएस मी आतून ओढत आणला आणि त्याच्या धुळीतल्या चौकोनात बरोबर बसवला. मामा म्हणाला, “शहाणी.” मग आम्ही सुरू केलं. मामा दोन बटणं धरायचा, मी मशीनचं बटण दाबायचे. घोंघाट, काळा पडदा, पेनड्राइव्हचा दिवा मेलेला. मग मी धरायचे, मामा दाबायचा. पेनड्राइव्ह पुढच्या खाचेत, मागच्या खाचेत, मागच्या दुसऱ्या खाचेत. मामाने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यात कुणाचं तोंड दिसत नव्हतं, फक्त दोन केसाळ हात आणि जोरात गाणं. त्या हातांचं झटक्यात झालं.

“याच्या बोर्डाला भूत लागलंय की आपल्या?” मामा म्हणाला.

गुरुवारी शाळेतून आल्यावर पुन्हा तेच. मामा तोवर कंटाळला होता. बाकड्यावर आडवा होऊन तो मोबाईलवाल्याशी बोलत होता. “हां, उद्या सकाळी किल्ली देतो. हो, पाटी तुम्हीच काढा, शिडी आहे आमच्याकडे.”

मी फरशीवर बसून एकटीच बटणं धरत होते. मामाने आणलेला तो कीबोर्ड. निळे दिवे. मी त्या निळ्या दिव्यांकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. आणि मला दिसलं की ते लागलेलेच नाहीत. मागच्या आठवड्यात मामाने हा कीबोर्ड लावला तेव्हा मशीन पूर्ण उठल्यावर दिवे लागले होते. त्याच्या आधी नाही.

“मामा.”

“थांब गं. हां, बोला.”

“मामा, हा कीबोर्ड झोपलाय.”

“काय?”

“मशीन जागं झाल्यावर हा जागा होतो. पण मशीन तर जागं नाहीये. मग आपण दोन बटणं धरतो ते त्याला कळतच नसेल. आपण झोपलेल्याच्या कानात झोपलेल्याला ओरडायला लावतोय.”

मामाने फोन कानापासून लांब धरला. “जुई,” तो म्हणाला, “तू महिन्याभरात एवढं बोलली नव्हतीस.”

“बाबांचा कुठेय? गोल पिनवाला? तो बटण दाबताच जागा व्हायचा.”

“भंगाराच्या खोक्यात टाकला होता मी.”

खोक्यात वायरी होत्या, फुटका माऊस होता, बाबांच्या चष्म्याचं घर होतं. कीबोर्ड नव्हता. मी माळ्यावर पाहिलं, कॉटखाली पाहिलं. भंगारवाला येऊन गेला होता का, ते मामाला आठवेना. त्या संध्याकाळी आई देवळात गेली होती, परत आल्यावर तिला विचारलं, तर ती “बघते” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मीही पुढे विचारलं नाही. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींना एकदाच विचारायचो, दुसऱ्यांदा नाही.

शुक्रवारी सकाळी मामा अंघोळ करून, किल्ली खिशात घालून बाहेर पडला. मी शाळेचा गणवेश घालून डबा घ्यायला स्वयंपाकघराशी गेले. दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

आई ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. मांडीवर बाबांचा कीबोर्ड. त्याची वायर गुंडाळून शेजारी पिठाच्या परातीत ठेवलेली, गोल पिनेला पीठ लागलेलं. मागच्या दसऱ्याचं कुंकू अजून एका कडेला होतं. बटणांवर बाबांनी पेनाने लिहिलेली मराठी अक्षरं केव्हाच पुसून गेली होती. आईचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते आणि बोटं चालली होती. हळू. एक बटण, मग थांबून दुसरं.

मी कितीतरी वेळ उभी होते. मग तिला कळलं.

“शाळा?” ती म्हणाली.

“काय करतेस?”

“काही नाही.”

“कधीपासून?”

“तू शाळेत गेलीस की करते थोडं.”

“अगं, पण हा कशालाच जोडलेला नाही. काही उमटत नाही याच्यावर.”

“माहितीये मला.”

“मग?”

“बोटांना कळतं,” आई म्हणाली. “इतकी वर्षं मी वाचायची आणि ते दाबायचे. मला त्यांच्या बोटांचा आवाज माहितीये. कुठल्या अक्षराला हात कुठे जातो, ते माहितीये. नुसतं दाबलेलं नाही कधी.”

मी तिच्यासमोर बसले. “मामा किल्ली द्यायला गेलाय.”

“हो.”

“तू त्याला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मला येतं असं सांगू? येतं की नाही, ते मलाच कुठे कळलंय.”

मी हात पुढे केले. “मला दे. थोडा वेळ.”

तिने लगेच दिला नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवला, देवळात प्रसादाची पिशवी धरतात तसा.

“परत देशील?”

“देईन.”

गोल पिनेचं पीठ मी गणवेशाला पुसलं. टेबलाखाली मशीनच्या मागे गोल खाच होती, जांभळी, तिच्यात पिन एकदम बसली, जुन्या वहाणेत पाय बसतो तशी. पेनड्राइव्ह लावला. यूपीएसचा हिरवा दिवा पाहिला. मग खुर्चीवर बसले, कारण वायर आखूड होती आणि कीबोर्ड टेबलावरच ठेवावा लागत होता. बाबांची खुर्ची. महिन्याभरात तिच्यावर कुणीच बसलं नव्हतं. मामासुद्धा स्टूल ओढून बसायचा.

एक बोट कंट्रोलवर, एक होमवर. दोन्ही हात अडकले, आणि मशीनचं बटण खाली फरशीपाशी. मामा नव्हता. आईला हाक मारायची म्हणजे ती आशा लावून बसणार. मी पाय पुढे सरकवला आणि अंगठ्याने बटण दाबलं.

पंखे घोंघावले. काळा पडदा. आणि कीबोर्डच्या कोपऱ्यातला एक बारका हिरवा दिवा लुकलुकला.

मग पेनड्राइव्हचा दिवा लागला. थांबला. लागला. मग भराभर लुकलुकायला लागला. मी बटणं सोडली नाहीत. सोडायची की नाही, ते नदाफकाकांनी सांगितलंच नव्हतं. बोटं पांढरी पडली. बाहेर बोळातून दूधवाला गेला, शाळेच्या पोरी गेल्या, त्यातली एक “जुई, येतेस काऽऽ” म्हणून ओरडली. मी हललेसुद्धा नाही. दिवा लुकलुकत राहिला.

मग सगळंच बंद झालं. पंखेसुद्धा.

मला काही वाटलं नाही. मी मनात म्हणाले, झालं, रविवारी पुणे.

मशीन आपलं आपण परत सुरू झालं.

टुं.

“ठेवते हो!” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

रोज सकाळी ती हेच म्हणायची. बाबांचं मशीन वाजलं की बाबा बसले, बाबा बसले की पहिला चहा. आधी ‘पाय लावलात ना’, आणि मग न विचारताच, ‘ठेवते हो’. बाबा इकडून “ठेव” म्हणायचे. इतकी वर्षं मी ते रोज ऐकलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

आत सगळं शांत झालं. भांडं नाही, पाणी नाही. ती जिथे असेल तिथे उभी असणार, तोंडावर हात ठेवून. मला इकडून दिसत नव्हतं. घरात नुसता पंख्यांचा घोंघाट. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि घरात आम्ही दोघीच होतो.

“ठेव,” मी म्हणाले.

मग लायटरचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग गॅस पेटला.

मी खाली वाकले, मशीनला हात लावला, कपाळाला लावला.

आई कप घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, एक तिच्या हातात. ती पडद्याकडे बघत उभी राहिली. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती आणि वर कोपऱ्यात एक जुनी तारीख. हे मशीन घरात आलं त्या सुमाराची. तेव्हा मी बालवाडीत होते.

“काय म्हणतंय?” आईने विचारलं.

“सगळं विसरलंय. तारीख घाल म्हणतंय.”

“मग घाल की.”

“आजची?”

“मग कुठली?” आई म्हणाली आणि तिने चहाचा घोट घेतला.

मी आजची तारीख घातली.

बाकीचं मशीनला आठवत होतं. कुलूप उघडलं, सॉफ्टवेअर उघडलं, शेंडगे मास्तरांची पत्रिका उघडली. वर गणपती, खाली निम्मी अक्षरं, आणि ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं’ या ओळीपाशी बाबांचा कर्सर अजून लुकलुकत होता. मी खुर्ची सोडली. आई बसली, पदर खोचला, बोटं ठेवली.

“वाच,” ती म्हणाली.

मी मास्तरांचा कागद उचलला आणि वाचलं. “विवाहस्थळ. श्री भगवंत मंगल कार्यालय.”

आईने डोळे मिटून, अगदी ठामपणे, झरझर सगळं दाबलं. मग डोळे उघडले. पडद्यावर ‘श्री’च्या जागी स्वल्पविराम, एक उलटा ढ आणि टिंब टिंब टिंब आलं होतं. पुढे ‘भगवंत’ मात्र अगदी बरोबर होता.

आई पडद्याकडे बघत राहिली. “अगं बाई,” ती म्हणाली, “इतके दिवस मी स्वयंपाकघरात हेच ‘श्री’ म्हणून दाबत होते?”

आणि तिला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून, खुर्चीत वाकून, आवाज न करता ती हसायला लागली. तिला बघून मलाही. मी तिच्या पाठीवर डोकं टेकवलं, आम्ही दोघी गदगदा हलत होतो, आणि तेवढ्यात मामा दारात आला. आम्ही त्याला पाठमोऱ्या होतो.

“अक्का,” तो घाबरून म्हणाला, “अगं रडू नका गं तुम्ही दोघी. नाही दिलेली अजून किल्ली. ही बघ, खिशातच आहे.”

“रडत नाहीये रे,” आई मागे न वळता म्हणाली. “हसतोय आम्ही.”

मला खात्री नव्हती. मी गालाला हात लावून पाहिला. ओला होता.

“जुई,” आई म्हणाली, “पुन्हा वाच. हळू.”